टार्टारिक आम्लाचं डावं-उजवं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका लॅबमध्ये औषधांच्या प्रोसेसवर काम करता करता माझी बावीस वर्षं गेली. दर जूनमध्ये नवी मुलं येतात आणि जुलैपर्यंत सगळी तेच प्रश्न विचारून झालेली असतात. घरी जाऊबाईंचे प्रश्न निराळे: गोळीच्या पाकिटावर ‘टार्ट्रेट’ का लिहिलंय, चिंचेची आमटी चालेल का. दोन्हीकडचे प्रश्न एकत्र करून एकदा लिहून काढले. क्रम काही लावलेला नाही, जसे विचारले जातात तसे आहेत.

टार्टारिक आम्ल म्हणजे नेमकं काय?

पांढरे, स्वच्छ, साखरेसारखे दिसणारे आणि जिभेवर कडक आंबट लागणारे स्फटिक. रेणूत कार्बनचे ४, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचे ६ अणू, रेणुभार १५०.०९. चार कार्बनांची साखळी, दोन्ही टोकांना आम्लगट आणि मधल्या दोन कार्बनांवर एकेक हायड्रॉक्सिल. सगळी गंमत त्या मधल्या दोन कार्बनांमध्ये आहे. स्वीडनच्या कार्ल शीले यांनी १७६९ मध्ये ते वाईनच्या पिंपांत तळाशी बसणाऱ्या खरपुडीतून वेगळं काढलं.

कायरल म्हणजे काय? साध्या मराठीत सांगा.

प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाची सोंड उजवीकडे वळलेली आहे. घरी गणपतीत आपण बहुधा डाव्या सोंडेची मूर्ती आणतो. ती मूर्ती आरशासमोर धरा, आरशात उजव्या सोंडेचा गणपती दिसेल. माती तीच, वजन तेच, रंग तोच. पण डाव्या सोंडेची मूर्ती कशीही फिरवली, उलटी-पालटी केली, तरी ती उजव्या सोंडेची होत नाही. ज्या रेणूचं आरशातलं प्रतिबिंब असं त्याच्यावर तंतोतंत बसत नाही, तो कायरल रेणू.

उजव्या सोंडेचं सोवळं कडक म्हणतात. शरीरातली एन्झाइमं आणि रिसेप्टर (औषध जिथे जाऊन बसतं त्या जागा) यांचंही तसंच आहे: एक रूप चालतं, दुसरं बऱ्याचदा चालत नाही. एन्झाइमं ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात ती स्वतःच एका हाताची असतात, म्हणून हा सगळा कडकपणा.

चिंचेत असतं ते हेच का? आणि लिंबूसत्त्व?

चिंचेत हेच असतं, आणि भरपूर असतं. चिंचेच्या गरात वजनाच्या साधारण ८ ते १८ टक्के टार्टारिक आम्ल सापडतं. इतर फळं पिकताना आपलं आम्ल बरंचसं संपवून टाकतात. चिंच मात्र पिकली तरी तिचं टार्टारिक आम्ल तसंच राहतं, फक्त सोबत साखर वाढते. म्हणून पिकलेली चिंच गोड लागते आणि तरी दात आंबवते.

लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक आम्ल. ते दुसरं. सायट्रिकच्या रेणूचं प्रतिबिंब त्याच्यावर नीट बसतं, त्यामुळे त्याला डावं-उजवं काही नाही. ढोकळ्याला कोणतंही चालेल, डावं-उजवं वेगळं करायला, म्हणजे रिझोल्यूशनला, लिंबूसत्त्व चालणार नाही.

‘एल’ टार्टारिक आम्लाच्या बाटलीवर अधिकचं चिन्ह का? एल म्हणजे डावं ना?

हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याच्याबद्दल मला काळजी वाटते.

इथे तीन निरनिराळ्या पद्धती एकाच लेबलवर कोंबलेल्या आहेत. अधिक किंवा उणे ही यंत्रावरची नोंद आहे: ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा, प्रकाश द्रावणातून गेला की तो घड्याळाच्या दिशेने वळला तर अधिक, उलट वळला तर उणे. एल आणि डी ही नावं रेणूची मांडणी ग्लिसराल्डिहाइड या एका साध्या कायरल रेणूशी ताडून दिलेली आहेत, त्यांचा प्रकाश कुठे वळतो याच्याशी संबंध नाही. आणि आर, एस ही तिसरी पद्धत प्रत्येक कायरल कार्बनभोवतीच्या गटांचा अग्रक्रम लावून ठरते. निसर्गात सापडणारं, चिंचेतलं आणि द्राक्षातलं टार्टारिक आम्ल एल आहे, अधिक आहे, आणि आर,आर आहे. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

त्यात आणखी एक सापळा. जुन्या पुस्तकांत आणि जुन्या पेटंटांत रोमन लिपीतला लहान ‘डी’ छापलेला असतो. तो डेक्स्ट्रो, म्हणजे अधिक या अर्थाने. त्यामुळे १९४०च्या एखाद्या शोधनिबंधातलं ‘डी-टार्टारिक’ हे आजचं एल-टार्टारिक असतं. ग्रंथालयात बसून जुनी कृती उतरवून घेणाऱ्या मुलांना मी आधी हेच विचारते: डी मोठा होता की लहान?

रेणूची खरी मांडणी कोणती हे बरीच वर्षं कुणी पाहिलेलंच नव्हतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी दोन शक्यतांतली एक गृहीत धरली होती. १९५१ मध्ये हॉलंडच्या योहानेस बायफुट यांनी टार्टारिक आम्लाच्याच सोडियम-रुबिडियम क्षारावर क्ष-किरणांचा प्रयोग करून ती तपासली. फिशरांचा छापा-काटा बरोबर पडला होता. नाहीतर सगळी पाठ्यपुस्तकं उलटी छापावी लागली असती.

पाश्चरचा चिमट्याचा प्रयोग मुंबईत करून बघता येईल का?

येईल, पण पंख्याखाली नाही.

आधी प्रयोग काय होता ते. वाईनच्या धंद्यात नेहमीच्या टार्टारिक आम्लाबरोबर कधी कधी दुसरंही एक आम्ल मिळायचं. घटक तेच, पण ते प्रकाश वळवत नसे. त्याला रेसिमिक आम्ल म्हणत, लॅटिनमध्ये द्राक्षाचा घड या अर्थाच्या शब्दावरून. आज आपण कुठल्याही समसमान मिश्रणाला ‘रेसिमिक’ म्हणतो, तो शब्द या एका आम्लाचा आहे. १८४८ मध्ये पॅरिसला पंचविशीतल्या लुई पाश्चर यांनी रेसिमिक आम्लाचा सोडियम-अमोनियम क्षार स्फटिकरूपात वाढवला आणि भिंगाखाली पाहिलं, तर स्फटिक दोन प्रकारचे दिसले. एका कोपऱ्यातला छोटा तिरका पैलू काहींत उजवीकडे, काहींत डावीकडे. त्यांनी ते हाताने वेचून दोन ढीग केले. दोन्ही ढीग वेगवेगळे विरघळवले, तर एकाने प्रकाश एका दिशेला वळवला आणि दुसऱ्याने तेवढाच उलट. प्रकाश वळवण्याच्या या अभ्यासाचे जनक बियो तेव्हा ७४ वर्षांचे होते. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतःजवळचं आम्ल देऊन पाश्चरांना आपल्यासमोर द्रावण करायला लावलं, आणि मोजमाप स्वतः केलं. आकडा बरोबर आला.

आता मुंबई. हा क्षार साधारण २७ अंश सेल्सियसच्या खाली असेल तरच डावे आणि उजवे स्फटिक वेगवेगळे पडतात. त्याच्या वर गेलात की दोन्ही रूपं एकाच स्फटिकात शेजारी शेजारी बसतात, आणि मग चिमट्याने वेचायला काही उरत नाही. पॅरिसच्या थंडाव्याने पाश्चरांना मदत केली. आमच्याकडे मे महिन्यात लॅबच्या खिडकीत ठेवलेलं द्रावण रात्रीसुद्धा २७च्या वरच असतं. एका वर्षी आम्ही हौसेने लावलं होतं, आठवड्याने सुंदर स्फटिक आले, सगळे एकाच छापाचे. मग एसी असलेल्या बॅलन्स रूममध्ये, कोपऱ्यात, फिल्टर पेपरने झाकून ठेवलं. पंधरा दिवसांनी तांदळाएवढे दाणे आले. त्यातल्या जेमतेम दहा-बारांवर तो तिरका पैलू खात्रीने ओळखता आला. पाश्चरांची नजर काय असेल याचा अंदाज त्या दिवशी आला.

करणार असाल तर रेसिमिक आम्ल घ्या, दुकानात डीएल-टार्टारिक मागा. चिंचेचं किंवा नेहमीचं आम्ल घेतलंत तर सगळे स्फटिक एकाच हाताचे येतील, कितीही एसी लावा.

औषध कारखान्यात याचा उपयोग काय?

दोन मोठे उपयोग आहेत. पहिला रिझोल्यूशन, म्हणजे डावं-उजवं वेगळं करणं. दुसरा, औषधाचा क्षार बनवणं. पहिल्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझी भाकरी त्यावर आहे.

साध्या रासायनिक क्रियेने कायरल औषध बनवलं की दोन्ही रूपं निम्मी-निम्मी येतात. दोघांचा वितळणबिंदू सारखा, विद्राव्यता सारखी. मग वेगळं कसं करायचं? देवळाबाहेर अंधारात चपलांचा ढीग आहे असं समजा. हाताने चाचपून डावी-उजवी चटकन कळत नाही. उजवा पाय घालून पाहिला की लगेच कळतं. टार्टारिक आम्ल हा तो उजवा पाय. औषध अमाईन, म्हणजे आम्लाशी क्षार बनवणारं नायट्रोजनचं संयुग, असेल तर त्यात एका हाताचं आम्ल घालायचं. आता दोन क्षार तयार होतात, आणि ते एकमेकांचं प्रतिबिंब नसतात. त्यांची विद्राव्यता वेगळी असते. नशिबाने साथ दिली तर एक गाळासारखा खाली बसतो आणि दुसरा द्रावणात राहतो. गाळायचं, अल्कलीने क्षार तोडायचा, हवं ते रूप हातात.

‘नशिबाने’ हा शब्द मुद्दाम वापरला. कोणतं आम्ल, कोणतं द्रावक, किती पाणी, कुठल्या तापमानाला थंड करायचं, हे आजही करूनच बघावं लागतं. एका अमाईनसाठी पाच-सहा आम्लं आणि आठ-दहा द्रावकं, छोट्या कुप्यांत, एका ट्रेवर. पहिल्या दिवशी साठातल्या चार कुप्यांत काहीतरी पांढरं दिसलं तर लॅबमध्ये चहा जरा गोड लागतो.

उदाहरणं द्यायची तर क्षयरोगाचं एथॅम्ब्युटॉल घ्या. त्याचं एस,एस रूप कामाचं, आर,आर जवळपास निरुपयोगी. डोळ्यांच्या नसेवर होणारा त्याचा दुष्परिणाम घेतलेल्या मात्रेवर अवलंबून असतो, म्हणून बिनकामाचं ओझं रुग्णाच्या पोटात घालायचं कारण नाही. ते बनवताना लागणारं अमिनोब्युटॅनॉल एल-टार्टारिक आम्लाने रिझॉल्व्ह करण्याची पद्धत जुनी आणि खणखणीत आहे. रक्तदाबाचं अम्लोडिपिन घ्या. त्यात काम मुख्यतः एस रूप करतं, म्हणून आपल्याकडे एस-अम्लोडिपिनच्या गोळ्या २.५ मिलिग्रॅमच्या मिळतात, जिथे साधी ५ ची असते. इथे डीएमएसओ या द्रावकात डी-टार्टारिक आम्ल घातलं की एस रूपाचा क्षार खाली बसतो. एल घातलं तर आर बसतो. आणि अॅड्रिनलिन: प्रयोगशाळेत बनवलेल्या रेसिमिक अॅड्रिनलिनमधून कामाचं रूप वेगळं काढलं ते १९०८ मध्ये फ्लेखर यांनी, याच आम्लाने.

डीबीटीए आणि डीटीटीए ही काय भानगड आहे?

टार्टारिक आम्लाच्या दोन हायड्रॉक्सिलांवर बेंझॉइल गट चढवले की डायबेंझॉइल टार्टारिक आम्ल, तोंडी डीबीटीए. टोल्युऑइल गट चढवले की डीटीटीए. साधं टार्टारिक पाण्यात सहज विरघळतं, पण अनेक सेंद्रिय द्रावकांत कुरकुरतं. हे मोठे गट असलेले भाऊ तिथे छान वागतात, त्यांचे क्षार नीट स्फटिक होतात, आणि काम झाल्यावर पाण्यात आम्ल ओतलं की परतही मिळतात. एस्टर असल्यामुळे त्यांना अल्कलीत उकळू नका, गट सुटून जातात.

आता माझी चूक. नोकरीचं तिसरं वर्ष. लॅबमध्ये एल-डीबीटीए वापरून आर-अमाईन छान वेगळं झालं होतं, मोठ्या लॉटसाठी दोन किलो मागवायचं होतं. मी इंडेंटवर, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रावर, लिहिलं: ‘डायबेंझॉइल टार्टारिक आम्ल, अधिक’. एल-टार्टारिक अधिक असतं, मग त्यापासून बनलेलं डीबीटीएही अधिकच असणार, असा माझा हिशोब. तसा तो नसतो. बेंझॉइल गट चढले की प्रकाश उलट वळतो. एल-डीबीटीए उणे असतं, अधिक असतं ते डी. व्यापाऱ्याने जे लिहिलं तेच पाठवलं, त्याची काही चूक नव्हती. लॉट लावला, स्फटिक इतके देखणे पडले की मी फोटो काढून ठेवला. दुपारी पोलारिमीटरवर, म्हणजे प्रकाशाचं वळण मोजणाऱ्या यंत्रावर, आकडा तेवढाच आला, फक्त समोरचं चिन्ह उलटं. दुसऱ्या हाताचं आम्ल दुसऱ्या हाताचं अमाईन तितक्याच निष्ठेने खाली आणतं. सुदैवाने मदर लिकर, म्हणजे गाळून उरलेलं द्रावण, कुणी फेकलं नव्हतं, हवं असलेलं रूप त्यातच बसलेलं होतं. तीन दिवस जादा गेले. तेव्हापासून आमच्या इंडेंटवर चिन्ह, एल-डी आणि आर-एस, तिन्ही लिहावे लागतात, आणि तो रकाना माझ्या नावाने ओळखला जातो.

वजनाचीही एक गोष्ट: डीबीटीए निर्जल मिळतं आणि पाण्याच्या एका रेणूसकटही मिळतं. रेणुभार ३५८ आणि ३७६. पाच टक्क्यांचा फरक रिझोल्यूशनमध्ये छोटा नाही.

रिझोल्यूशनमध्ये निम्मा माल वायाच जातो का?

हिशोबाने पन्नास टक्क्यांच्या वर एका फेरीत मिळतच नाही. उरलेलं रूप पुन्हा रेसिमिक करता आलं तर परत फेरी लावता येते, आणि मग हे सगळं परवडतं. नाही करता आलं तर ते बॅरलमध्ये भरून जाळायला जातं. साधं टार्टारिक स्वस्त असल्यामुळे बरेच जण ते परत मिळवण्याच्या भानगडीत पडत नाहीत, मग ते सांडपाण्यात जातं आणि सीओडी, म्हणजे त्यातल्या सेंद्रिय घाणीचा आकडा, वाढवतं. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीवाल्याशी भांडण हे ठरलेलं.

सगळ्यात सुखाचं प्रकरण टोल्टेरोडिनचं. लघवीवर ताबा राहत नाही त्यांना देतात ते औषध. रेसिमिक टोल्टेरोडिनमध्ये एल-टार्टारिक आम्ल घातलं की आर रूपाचा क्षार खाली येतो, आणि तोच क्षार शेवटी गोळीत जातो. तोडायची गरजच नाही.

माझ्या गोळीवर ‘मेटोप्रोलॉल टार्ट्रेट’ आहे, यांच्या गोळीवर ‘सक्सिनेट’. एकच ना?

जाऊबाईंचा प्रश्न. टार्ट्रेट म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार, सक्सिनेट म्हणजे सक्सिनिक आम्लाचा. औषध एकच, सोबतचं आम्ल वेगळं, आणि बहुतेक वेळा गोळीची बांधणीही वेगळी. टार्ट्रेट साधारणपणे लवकर सुटणाऱ्या गोळीत असतं, दिवसातून दोनदा घ्यायच्या. सक्सिनेट चोवीस तास हळूहळू सुटणाऱ्या गोळीत.

आकड्यांचं कोडंही यातच सुटतं. टार्ट्रेटमध्ये मेटोप्रोलॉलचे दोन रेणू आणि टार्टारिकचा एक, एकूण ६८४.८. त्यात औषधाचा वाटा ७८ टक्के. म्हणजे ५० मिलिग्रॅम टार्ट्रेटमध्ये ३९ मिलिग्रॅम मेटोप्रोलॉल. सक्सिनिक आम्ल हलकं, म्हणून तेवढंच औषध ४७.५ मिलिग्रॅम सक्सिनेटमध्ये मावतं. पाकिटावर ४७.५ असा विचित्र आकडा दिसतो तो म्हणून. औषध तेवढंच असलं तरी गोळ्या आपापसांत बदलायच्या नाहीत, ते डॉक्टरांना विचारूनच.

आयसीयूत नॉरअॅड्रिनलिनच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं ठरतं: बायटार्ट्रेटच्या २ मिलिग्रॅममध्ये मूळ औषध १ मिलिग्रॅम असतं. लेबलवरचा आकडा क्षाराचा की मूळ औषधाचा, हे वाचल्याशिवाय पंप लावत नाहीत.

गंमत म्हणजे मेटोप्रोलॉल स्वतः बहुतेक गोळ्यांत रेसिमिक असतं. तिथे टार्टारिक आम्ल डावं-उजवं करायला आलेलं नसतं, नुसतं सोबतीला असतं.

डी-टार्टारिक इतकं महाग का?

एल चिंच आणि द्राक्षं फुकट बनवून देतात. वाईनच्या धंद्यातला गाळ चुन्याने कॅल्शियम टार्ट्रेट म्हणून वेगळा काढायचा, सल्फ्युरिक आम्लाने मोकळा करायचा, झालं. इटली आणि स्पेन या कामात जुने. मलेइक अॅनहायड्राइडपासून रासायनिक रीतीनेही बनवतात, तिथे डीएल मिळतं, किंवा योग्य एन्झाइम वापरलं तर थेट एल. डी मात्र निसर्ग जवळजवळ देतच नाही. ते डीएलमधून वेगळं करावं लागतं, म्हणून कितीतरी पट महाग. जिथे एल आणि डी दोन्ही चालू शकतात तिथे नवखा डी निवडतो, आणि परचेसवाला त्याच्याकडे बघत राहतो.

पोलारिमीटरवर १२ यायला हवं, माझं २.४ येतंय. माल खराब आहे का?

नाही. यंत्रावर दिसतो तो नुसता कोन. १२ हे तीव्रता आणि नळीची लांबी धरून काढलेलं विशिष्ट वळण. १०० मिलिलिटर पाण्यात २० ग्रॅम, १ डेसिमीटरची नळी, सोडियमचा पिवळा प्रकाश: १२ गुणिले १ गुणिले ०.२ म्हणजे २.४. अगदी बरोबर आहे. दर वर्षी कुणीतरी धावत येतं.

पण वजन कमी घेऊन, समजा ५ ग्रॅम घेऊन, केलंत तर विशिष्ट वळण १४च्या पुढे येईल. तोही माल खराब नाही. या आम्लाचं वळण तीव्रतेनुसार बदलतं, द्रावण पातळ तसा आकडा मोठा. म्हणून सीओएवर, म्हणजे मालासोबतच्या तपासणी-दाखल्यावर, तीव्रता लिहिलेली नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

यंत्र बंद असेल आणि एल आहे की डीएल एवढंच बघायचं असेल, तर बीकर पुरतं. २० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात ५० ग्रॅम टाका. एल आरामात विरघळतं, त्याची मजल १३० ग्रॅमच्या पुढे आहे. डीएल वीस ग्रॅमच्या आसपासच थांबतं, बाकीचं तळाला बसून राहतं. एल की डी हे मात्र या युक्तीने कळत नाही, दोघं सारखेच विरघळतात. वितळणबिंदूही दोघांचा सारखाच, १७०च्या आसपास. डीएलचा २०६.

मेसो म्हणजे काय?

टार्टारिकचंच आणखी एक रूप: मधला एक कार्बन डावा, दुसरा उजवा. रेणूच्या आतच हिशोब मिटतो, प्रकाश वळत नाही. रिझोल्यूशनला निरुपयोगी. परीक्षेत हमखास.

याचा रिझोल्यूशन सोडून दुसरा उपयोग होतो का?

होतो, आणि तो मला जास्त आवडतो. बनवून मग निवडण्याऐवजी, बनतानाच हवं ते रूप बनवायचं. बॅरी शार्पलेस आणि त्सुतोमु कात्सुकी यांनी १९८० मध्ये टार्टारिक आम्लाचा एस्टर, टायटॅनियमचं संयुग आणि पेरॉक्साइड एकत्र करून अॅलिल अल्कोहोलांचे इपॉक्साइड एका हाताचे बनवून दाखवले. एल घातलं तर एका बाजूने ऑक्सिजन चढतो, डी घातलं तर दुसऱ्या. शार्पलेसना २००१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. एवढ्या सगळ्याच्या मुळाशी वाईनच्या पिंपातली खरपुडी.

मुंबईत कुठे मिळेल?

कॉलेजसाठी शे-दोनशे ग्रॅम हवं असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटवर, केमिकल आणि काचसामानाची दुकानं आहेत तिथे. गोणीभर हवं असेल तर मस्जिद बंदरचे व्यापारी. मागताना ग्रेड सांगा. खाण्याचं वेगळं, फार्माकोपियाचं (औषधी दर्जाचं) वेगळं, धंद्याचं वेगळं. आणि ‘टार्टारिक’ एवढंच म्हटलंत तर दुकानदार गल्ल्यावरून न उठता विचारेल, ‘एल की डीएल?’ रसायनशास्त्राची पदवी नसलेली ती माणसं हे डावं-उजवं माझ्या तिसऱ्या वर्षातल्या माझ्यापेक्षा चांगलं जाणत होती.

पावसाळ्यात गठ्ठा झालाय. टाकून देऊ?

आधी आर्द्रता तपासा. गोणी उघडी राहिली की जुलैत असं होतंच. फोडून, सुकवून बऱ्याच कामांना चालतं, पण क्षार बनवताना वजनात पाणी मोजलं जाईल हे लक्षात ठेवा. तोंड बांधा, आत दुसरी पिशवी घाला, आणि लोखंडी स्कूप वापरू नका.

खाण्यात सुरक्षित आहे का?

एल रूप खाद्यपदार्थांत चालतं, पाकिटावर ३३४ हा क्रमांक दिसेल. पोटात गेलेल्यातलं बरंचसं आतड्यातले जीवाणू संपवतात, थोडं लघवीतून जातं. कारखान्यातली बारीक भुकटी मात्र डोळ्यात गेली तर झोंबते, चष्मा घाला.

कुत्रा पाळत असाल तर एक सांगते: द्राक्षं आणि चिंच खाल्ल्यावर कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते, आणि पशुवैद्यांचा संशय टार्टारिक आम्लावर आहे. आमटीतली चिंच त्याच्या ताटलीत नको.

पूर्वी याचं इंजेक्शन देत असत म्हणे?

शुद्ध आम्लाचं नाही. अँटिमनी आणि पोटॅशियमसोबतचा त्याचा क्षार, टार्टर एमेटिक, काळा आजारावर शिरेतून देत. नावातच उलटी आहे, एमेटिक म्हणजे उलटी आणणारं. कोलकात्याच्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२०च्या सुमारास युरिया स्टिबामाईन हे औषध बनवलं आणि तो जीवघेणा उपचार मागे पडला.

वाईनमधून येतं म्हणे. मग शाकाहारी का? उपासाला?

प्राणिजन्य काही नाही, द्राक्षाचंच आहे. शुद्ध स्फटिकांत दारूचा अंश उरत नाही. उपासाचं तुमच्या घरच्यांना विचारा, आमच्याकडे चिंच चालत नाही, म्हणून हा प्रश्नच आला नाही.

तांब्याची भांडी चिंचेने इतकी लख्ख का होतात?

भांड्यावरचा काळा-हिरवा थर म्हणजे तांब्याची ऑक्साइडं आणि कार्बोनेटं. आम्ल ती विरघळवतं हा अर्धा भाग, तो लिंबूही करतं. दुसरा अर्धा टार्ट्रेटचा: ते तांब्याला धरून ठेवतं आणि पुन्हा बसू देत नाही. फेहलिंगच्या द्रावणात साखर तपासताना आपण हेच करतो. तिथे भरपूर अल्कली असूनही तांबं खाली बसत नाही, द्रावण गर्द निळं राहतं, ते टार्ट्रेटमुळेच. घासून झाल्यावर चिंचेचा चोथा पिळून पाहा, पाण्याला हिरवट-निळसर झाक दिसेल. ते पाणी मोरीतच ओता, झाडांना घालू नका.